गव्हाच्या दाण्यातले सेलेनियम : उणे पडले तरी घात, अधिक झाले तरी घात

डिसेंबर २०२४ ची अखेर आणि जानेवारी २०२५ चा पहिला पंधरवडा या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातून एक विचित्र बातमी आली. काही गावांमधील माणसांचे केस अचानक गळू लागले होते. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस हातात येऊ लागायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. स्त्रिया, पुरुष, महाविद्यालयात जाणारी मुले-मुली असे सारेच त्यात होते. शेगावचा हा परिसर खारपाणपट्ट्यात मोडतो. त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला, पाठोपाठ बुरशीच्या संसर्गाचीही चर्चा झाली. आरोग्य खात्याने पाण्याचे, केसांचे आणि त्वचेचे नमुने घेतले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे म्हणजे आयसीएमआरचे पथकही गावांत येऊन गेले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडचे ज्येष्ठ डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. विंचूदंशावरील उपचारांसाठी देशभर परिचित असलेल्या या डॉक्टरांनी बाधितांच्या रक्त, लघवी आणि केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असल्याचे सांगितले. जस्ताचे प्रमाण मात्र कमी आढळले होते. सेलेनियमचा स्रोत म्हणून त्यांनी बोट दाखवले ते रेशन दुकानातून मिळालेल्या, पंजाबकडून आलेल्या गव्हाकडे. त्या गव्हाच्या नमुन्यात किलोमागे सुमारे १४.५ मिलिग्रॅम सेलेनियम आढळल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या. बाधितांची संख्या १८ गावांत मिळून २७९ अशी सांगितली गेली.

तोवर सेलेनियम हे नाव शहरी वाचकाला ठाऊक असलेच, तर ते जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या बाटलीवरचे एक नाव म्हणून. प्रकृतीला उपकारक म्हणून पैसे देऊन विकत घेतले जाणारे द्रव्य भाकरी-पोळीतून घातक कसे ठरू शकते, हा प्रश्न म्हणूनच अनेकांना पडला. त्याचे उत्तर या मूलद्रव्याच्या स्वभावात आहे, आणि त्याहूनही अधिक ते मातीत आहे.

चंद्राचे नाव लाभलेले मूलद्रव्य

सेलेनियमचा शोध १८१७ मध्ये स्वीडनमध्ये लागला. ग्रिप्सहोम येथील गंधकाम्लाच्या कारखान्यात फालुनच्या खाणीतील खनिज वापरले जाई. तेथे तळाशी साचणाऱ्या तांबूस गाळाचे पृथक्करण रसायनशास्त्रज्ञ यॉन्स याकोब बर्झेलियस आणि त्यांचे सहकारी योहान गॉटलीब गान करीत होते. हा टेल्युरियमचा अंश असावा, असे त्यांना प्रथम वाटले. नंतर ते नवेच मूलद्रव्य असल्याचे ध्यानात आले. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवाचक लॅटिन शब्दावरून ठेवलेले होते. त्याच्या या भावंडाला ग्रीक चंद्रदेवता सेलेनीचे नाव मिळाले.

याचा अणुक्रमांक ३४. आवर्तसारणीत ते गंधकाच्या बरोबर खाली बसते आणि रासायनिक वागणुकीत गंधकाशी पुष्कळसे मिळतेजुळते असते. पुढील सारे समजून घेण्यासाठी ही एक गोष्ट लक्षात ठेवणे पुरेसे आहे. वनस्पतीची मुळे सेलेनियमला गंधक समजून आत घेतात आणि प्राण्यांचे शरीरही प्रथिने बांधताना काही प्रमाणात तशीच गल्लत करते. प्रकाश पडताच विद्युतवाहकता वाढण्याच्या त्याच्या गुणामुळे जुन्या झेरॉक्स यंत्रांच्या दंडगोलावर सेलेनियमचाच थर दिलेला असे. आपला विषय मात्र शेत आणि ताट यांच्यापुरता मर्यादित आहे.

आधी विष म्हणून ओळख

सेलेनियमची जीवसृष्टीशी पहिली ओळख झाली ती विष म्हणून. अमेरिकेच्या डाकोटा प्रांतातील फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर १८५० च्या दशकात घोड्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस झडत आणि खूर सोलून निघत, अशी नोंद तेथील लष्करी शल्यविशारदाने केलेली आहे. पुढे त्या भागात वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांच्या जनावरांनाही हाच रोग जडला. पाण्यातील क्षारांमुळे हे होते अशा समजुतीने त्याला ‘अल्कली रोग’ म्हटले जाऊ लागले. बुलढाण्यातही पहिला संशय खाऱ्या पाण्यावरच गेला होता, हे येथे आठवावे.

१९३० च्या दशकात साउथ डाकोटामधील कृषी संशोधन केंद्रात कर्ट फ्रँके यांनी तेथील धान्य उंदरांना व कोंबड्यांना खाऊ घालून पाहिले आणि दोष पाण्यात नसून धान्यात आहे हे दाखवून दिले. त्या धान्यातील विष म्हणजे सेलेनियम होते. शेजारच्या वायोमिंगमध्ये ऑरव्हिल बीथ यांनी सेलेनियम साठवणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास केला. ॲस्ट्रॅगॅलस कुळातील काही झुडपे जमिनीतून सेलेनियम ओढून आपल्या पानांत साठवतात. ती जेथे उगवतात, तेथील जमिनीत हे द्रव्य भरपूर असणार हे खूण पाहूनच ओळखता येते.

मग जीवनावश्यक म्हणून

पुढची दोन दशके सेलेनियम हे केवळ विषारी मूलद्रव्यांच्या यादीत राहिले. १९५७ मध्ये चित्र पालटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणारे क्लाउस श्वार्ट्झ आणि कॅल्व्हिन फोल्ट्झ यांनी टोरुला यीस्टवर वाढवलेल्या उंदरांच्या यकृताचा नाश होतो आणि अत्यल्प सेलेनियम दिल्यास तो टळतो, असे सिद्ध केले. लवकरच ओरेगॉनमधील संशोधकांनी वासरे आणि कोकरे यांच्या ‘पांढऱ्या स्नायूंच्या रोगा’चा संबंध चाऱ्यातील सेलेनियमच्या उणिवेशी जोडला. या रोगात पिलांचे स्नायू फिकट व कडक होतात, त्यांना उभे राहवत नाही आणि हृदयाचा स्नायू बाधित झाल्यास ती दगावतात. न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांना सेलेनियम पाजणे हा मेंढपाळांचा परिपाठच होऊन बसला.

विष म्हणून बदनाम झालेले द्रव्य जनावरांच्या खाद्यात घालण्यास मान्यता मिळणे सोपे नव्हते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती १९७४ मध्ये दिली. आज तेथे खाद्यात किलोमागे ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम मिसळता येते. याउलट चाऱ्यात किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या पुढे ते गेले की जनावर आजारी पडू लागते. आवश्यकता आणि विषबाधा यांच्यातील अंतर इतके थोडे असलेली पोषकद्रव्ये फारशी नाहीत.

शरीरात ते काय करते

माणसाच्या शरीरात सेलेनियम असते ते अवघे १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही कितीतरी कमी. परंतु त्याच्यावाचून चालत नाही. १९७३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ या विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये, सेलेनियम असल्याचे दाखवले. पेशींमध्ये सतत तयार होणारी पेरॉक्साइडे निकामी करणे हे या विकराचे काम. सेलेनियमला ‘अँटिऑक्सिडंट’ असे जे म्हटले जाते त्याचा उगम येथे आहे. सुटे सेलेनियम स्वतः असे काही करीत नाही, ते विकरात गुंफले गेल्यावरच कामाला येते. शरीराची विकरे पुरेशी तयार झाली की अधिक सेलेनियम गिळून त्यांची संख्या वाढत नाही.

अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक कार्यक्षम रूपात आणणारी विकरेही सेलेनियमवर अवलंबून असतात. वजनाच्या तुलनेत पाहिल्यास या ग्रंथीत सेलेनियमचे प्रमाण शरीरात सर्वाधिक आढळते. मानवी जनुकसंचात सेलेनियमयुक्त प्रथिनांची २५ जनुके आहेत. या प्रथिनांत सेलेनियम बसवण्यासाठी निसर्गाने सेलेनोसिस्टीन नावाचे स्वतंत्र अमिनो आम्ल राखून ठेवले असून, ते एकविसावे अमिनो आम्ल म्हणून ओळखले जाते.

एकाच देशातील दोन टोके

सेलेनियमची उणीव आणि त्याचा अतिरेक, दोन्हींचे माणसावरील परिणाम सर्वांत स्पष्टपणे दिसले ते चीनमध्ये.

ईशान्य चीनमधील केशान परगण्यात १९३५ मध्ये हृदयस्नायूच्या एका आजाराची साथ नोंदली गेली. लहान मुले आणि प्रसूतिक्षम वयातील शेतकरी स्त्रिया त्याला प्रामुख्याने बळी पडत. हृदय मोठे होई, त्याचे आकुंचन दुबळे पडे आणि अनेकदा काही तासांत वा दिवसांत मृत्यू येई. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेल्या एका पट्ट्यात हा आजार आढळत होता आणि तोच पट्टा सेलेनियमने दरिद्री जमिनींचा होता. सिच्वान प्रांतातील मियाननिंग परगण्यात १९७४ पासून १ ते ९ वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला सोडियम सेलेनाइटची गोळी देऊन पाहण्यात आली. पहिल्या वर्षी गोळी न मिळालेल्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना हा आजार झाला, तर गोळी मिळालेल्या ४,५१० मुलांपैकी केवळ १० जणांना. दुसऱ्या वर्षीही असाच फरक दिसल्यावर सर्वांनाच गोळ्या देण्यात आल्या. केवळ उणिवेमुळे हा आजार होतो असे मात्र नाही. त्यात कॉक्सॅकी विषाणूचाही हात असावा, असे पुढील संशोधन सांगते. सेलेनियमची उणीव असलेल्या उंदरांच्या शरीरात या विषाणूचा निरुपद्रवी वाण घातक बनतो, हे १९९० च्या दशकात मेलिंडा बेक यांच्या प्रयोगांनी दाखवले.

दुसरे टोक हुबेई प्रांतातील एन्शी येथे आहे. तेथे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात माणसांचे केस आणि नखे गळून पडण्याची साथ आली. सर्वाधिक बाधित अशा पाच खेड्यांतील २४८ रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे लोक आजारी पडले. कारण होते तेथील दगडी कोळशाचे थर. त्यांतील सेलेनियम झिरपून शेतात उतरत होते. एका वर्षी दुष्काळाने भाताचे पीक बुडाले आणि लोकांना त्या जमिनीतील मका व भाज्यांवर गुजराण करावी लागली. तेव्हा साचलेले विष एकदम प्रकट झाले.

१९८३ मध्ये यांग ग्वांगची आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही प्रदेशांतील आहाराचे आकडे प्रसिद्ध केले. केशान रोगाच्या भागात दररोज सरासरी ११ मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जाई, तर एन्शीच्या बाधित खेड्यांत ४,९९० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या आकड्यांशेजारी बुलढाण्याचा आकडा ठेवून पाहण्यासारखा आहे. किलोमागे १४.५ मिलिग्रॅम सेलेनियम असलेल्या गव्हाच्या ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या दिवसभरात खाल्ल्या, तर सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जाते. हा हिशेब एन्शीच्या अगदी जवळ जाऊन पोहोचतो. शेगावच्या गावांत केस गळाले आणि नंतर काहींची नखेही झडू लागल्याच्या बातम्या आल्या, यात म्हणूनच नवल वाटण्याजोगे काही नाही. शरीर गंधकाच्या जागी सेलेनियम वापरू लागले की गंधकाच्या बंधांवर उभ्या असलेल्या केस व नखांच्या प्रथिनांची वीण आधी उसवते, असे मानले जाते.

मातीतून दाण्यात

बहुतेक जमिनींत किलोमागे ०.०१ ते २ मिलिग्रॅम सेलेनियम असते. परंतु जमिनीत किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे यावर पिकाचा वाटा ठरतो. आम्लधर्मी, ओलसर जमिनीत सेलेनियम ‘सेलेनाइट’ रूपात लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटून बसते आणि मुळांच्या हाती फारसे लागत नाही. कोरड्या प्रदेशातील, हवा खेळती असलेल्या विम्लधर्मी जमिनीत ते ‘सेलेनेट’ रूपात पाण्याबरोबर सहज वाहते. सेलेनेट आणि सल्फेट यांना मुळांतून आत घेणारी दारे एकच आहेत. म्हणूनच मोहरी, कोबी, कांदा, लसूण अशी गंधकप्रिय पिके सेलेनियमही इतरांपेक्षा अधिक ओढतात.

प्रगत वनस्पतींना स्वतःला सेलेनियमची गरज असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे उणीव असलेल्या शेतातही पीक जोमदार येते आणि बऱ्याच मर्यादेपर्यंत अतिरेक असलेल्या शेतातही. नत्र कमी पडले तर पान पिवळे पडते, लोह कमी पडले तर शिरांमधला भाग फिकटतो. सेलेनियमच्या बाबतीत पीक शेतकऱ्याला कोणतीच सूचना देत नाही. दाण्याच्या रंग, रूप, चव किंवा वासावरूनही काही कळत नाही. ते प्रयोगशाळेतच मोजावे लागते.

आणखी एक गोष्ट गृहिणींनी ध्यानात घेण्याजोगी आहे. गव्हातील बहुतेक सेलेनियम हे सेलेनोमेथिओनिन या रूपात दाण्याच्या प्रथिनांतच गुंफलेले असते. ते वरवर लागलेल्या कीटकनाशकासारखे नसते. त्यामुळे गहू धुऊन, वाळवून किंवा चाळून ते जात नाही.

पंजाबातील तो पट्टा

भारतात सेलेनियमयुक्त जमिनींचा सर्वाधिक अभ्यास झाला तो पंजाबात. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या होशियारपूर आणि नवांशहर या जिल्ह्यांतील काही गावांत म्हशी-गायींचे खूर तडकणे, शिंगे गळणे, केस झडणे असे प्रकार आढळत. नवांशहरचे नाव आता शहीद भगतसिंग नगर असे आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील के. एस. धिल्लों आणि एस. के. धिल्लों या संशोधकांनी या गावांतील माती, पाणी, चारा आणि धान्य यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. शिवालिकमधील खडकांची झीज होऊन निघालेला गाळ स्थानिक भाषेत ‘चो’ म्हणवल्या जाणाऱ्या हंगामी ओढ्यांबरोबर खाली येतो आणि सखल शेतांत साचतो. हा पट्टा मुळात सुमारे हजार हेक्टरांचा, म्हणजे पंजाबच्या एकूण शेतजमिनीच्या तुलनेत नगण्य आहे. परंतु जैनपूर, बरवा यांसारख्या गावांतील शेतकरी कुटुंबांचे सारे जीवन त्याच जमिनीवर चालते.

जे जमिनीत होते ते सिंचनाने वाढवले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जैनपूर व बरवा येथील भूजलात लिटरमागे ४५ ते ३४१ मायक्रोग्रॅम सेलेनियम आढळले. भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे. भात आणि गहू या जोडपिकांना कूपनलिकांचे हेच पाणी भरमसाट दिले जाते. पाण्याची वाफ होते, सेलेनियम वरच्या थरात उरते.

सिंचनातून असा संचय होणे पंजाबपुरते मर्यादित नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यातील शेतांचा निचरा केस्टरसन जलाशयात सोडला जाई. १९८३ मध्ये तेथे पाणपक्ष्यांची पिले विकृत अवयवांची निपजू लागली. तपासात सेलेनियम सापडले आणि जलाशय बंद करावा लागला. कोणत्याही कारखान्याशिवाय, केवळ शेती आणि पाणी यांच्या संयोगाने हे घडले होते.

पंजाबातील संशोधनाने उपायही सुचवले. जमिनीत जिप्सम टाकले की त्यातील सल्फेट मुळांच्या दाराशी सेलेनेटशी स्पर्धा करते आणि पिकात जाणारे सेलेनियम बरेच घटते. शक्य तेथे कूपनलिकेऐवजी कालव्याचे पाणी द्यावे, अधिक पाणी पिणारा भात टाळावा, जनावरांना बाहेरचा चारा मिसळून द्यावा आणि कुटुंबाने केवळ स्वतःच्या शेतातल्या धान्यावर राहू नये, असे हे साधे उपाय आहेत.

धान्य प्रवासाला निघते तेव्हा

पूर्वी माणूस आपल्या गावच्या मातीतले खाई, त्यामुळे मातीचे दोष-गुण त्या गावापुरते राहत. आता धान्य शेकडो मैलांवरून येते. बहुतेक वेळा ही गोष्ट हिताचीच ठरते. निरनिराळ्या भागांचे धान्य मिसळल्याने एका शेताचा अतिरेक आणि दुसऱ्याची उणीव परस्परांना छेदतात. परंतु प्रवासाचा मार्ग बदलला की हिशेबही बदलतो. ब्रिटनमध्ये पावासाठी उत्तर अमेरिकेचा गहू येत असे. त्या प्रदेशाची माती सेलेनियमने संपन्न. १९७० नंतर त्याची जागा ब्रिटन व युरोपातील गव्हाने घेतली आणि १९९० च्या दशकापर्यंत ब्रिटिश माणसाच्या आहारातील सेलेनियम दिवसाला सुमारे ६० मायक्रोग्रॅमवरून जवळजवळ निम्म्यावर आले. पाव तोच होता, चव तीच होती. व्यापाराच्या एका निर्णयाचा परिणाम लोकांच्या रक्तात उतरला.

जाणीवपूर्वक उलट दिशेने जाण्याचे एकमेव राष्ट्रव्यापी उदाहरण फिनलंडचे आहे. तेथील थंड, आम्लधर्मी जमिनीतून पिकाला सेलेनियम मिळत नसे आणि नागरिकांच्या आहारात दिवसाला २५ ते ४० मायक्रोग्रॅमच ते असे. सरकारने १९८४ मध्ये निर्णय घेऊन संयुक्त खतांमध्ये सोडियम सेलेनेट मिसळण्यास प्रारंभ केला. धान्यपिकांच्या खतात किलोमागे १६ मिलिग्रॅम आणि चाऱ्याच्या खतात ६ मिलिग्रॅम असे प्रमाण होते. काही वर्षांत आहारातील प्रमाण १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले. ते गरजेपेक्षा अधिक वाटल्याने १९९० मध्ये सर्वच खतांत ६ मिलिग्रॅम, नंतर आकडे पुन्हा घसरल्यावर १९९८ मध्ये १० आणि २००७ मध्ये १५ मिलिग्रॅम असे बदल करण्यात आले. माती, चारा, दूध, धान्य आणि लोकांचे रक्त यांची नियमित तपासणी होत राहिली म्हणूनच हे शक्य झाले. या उपक्रमाने लोकांचे सेलेनियम वाढले, जनावरांचे रोग हटले. कर्करोग वा हृदयविकार त्यामुळेच कमी झाले असे मात्र कोणी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण तुलनेला खत न मिळालेला दुसरा फिनलंड नव्हता.

गोळ्यांचा मोह

सेलेनियमच्या गोळ्यांना जगभर मागणी आली ती १९९६ नंतर. लॅरी क्लार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १,३१२ रुग्णांवर केलेल्या चाचणीत दररोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिले होते. ज्या त्वचेच्या कर्करोगासाठी ही चाचणी होती, त्यावर परिणाम दिसला नाही. परंतु पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा आणि एकूणच कर्करोग कमी आढळला. या आशेची शहानिशा करण्यासाठी २००१ मध्ये ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर मोठी चाचणी सुरू झाली. लाभ दिसत नाही म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवण्यात आल्या. पुढील विश्लेषणात असे दिसले की ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होते, त्यांच्यात गोळ्यांमुळे आक्रमक स्वरूपाच्या प्रोस्टेट कर्करोगाचा धोका उलट वाढला. क्लार्क यांच्या चाचणीतील रुग्णांच्या फेरतपासणीत सेलेनियम घेणाऱ्यांना मधुमेह अधिक झाल्याचेही २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

२००८ मध्येच अमेरिकेत एका द्रवरूप पूरक औषधाच्या मिश्रणात चूक झाली. लेबलवर मात्रा होती २०० मायक्रोग्रॅमची, प्रत्यक्षात होते ४०,८०० मायक्रोग्रॅम. दहा राज्यांतील २०१ लोकांना विषबाधा झाली. जुलाब, थकवा, सांधेदुखी, केस गळणे आणि नखे विरूप होणे अशी त्यांची लक्षणे होती. उणीव असलेल्याला सेलेनियम औषध आहे, पुरेसे असलेल्याला ते निरुपयोगी आहे आणि अधिक असलेल्याला ते घातक आहे. आपण या तिघांपैकी कोण, हे रक्ततपासणीवाचून कळत नाही.

किती हवे आणि कशातून

आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज ४० मायक्रोग्रॅम सेलेनियमची शिफारस केली आहे. अमेरिकेत हा आकडा ५५ आहे. वरची सुरक्षित मर्यादा अमेरिकेने ४०० मायक्रोग्रॅम मानली असून युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती २०२३ मध्ये २५५ वर आणली.

समुद्रातील मासळी, अंडी, मांस आणि यकृत हे सेलेनियमचे चांगले स्रोत आहेत. शाकाहारी माणसाला ते प्रामुख्याने गहू, इतर तृणधान्ये व डाळी यांतून मिळते. दुधातूनही थोडे मिळते, फळांत मात्र ते नाममात्र असते. प्राण्यांचे शरीर सेलेनियमची पातळी काही अंशी सांभाळते, त्यामुळे मासळी-अंड्यांतील आकडे फारसे हलत नाहीत. धान्याचे तसे नाही. एकाच वाणाच्या गव्हात जमिनीनुसार शेकडो पटींचा फरक पडू शकतो, म्हणून आहारकोष्टकातील आकडा ही केवळ सरासरी समजावी. आरोग्यदायी म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्राझील नटबाबतही जपून असावे. सहा ते आठ बियांत ५०० मायक्रोग्रॅमहून अधिक सेलेनियम असू शकते.

मोजमापाची निकड

ज्याच्या ताटात चार प्रदेशांचे धान्य, डाळी, दूध, अंडी किंवा मासळी असते, त्याला सेलेनियमची चिंता करण्याचे सहसा कारण नाही. वैविध्य हेच त्याचे संरक्षण आहे. चिंता आहे ती ज्याचे पोट एकाच पोत्यावर भरते त्याची. जैनपूरचा शेतकरी स्वतःच्या शेतातले पोते खातो, शेगावचा मजूर रेशनचे. दोघांनाही त्या पोत्यात काय आहे ते कळण्याची सोय नाही. म्हणून सार्वजनिक वितरणासाठी घेतल्या जाणाऱ्या धान्याची, निदान ज्ञात सेलेनियमयुक्त पट्ट्यांतील खरेदी केंद्रांवर, सेलेनियमसाठी तपासणी होणे अगत्याचे आहे. ओलावा, कीड आणि तुटके दाणे जसे पाहिले जातात, तसेच हेही पाहिले जावे. अधिक प्रमाण असलेला गहू वेगळा काढून मोठ्या साठ्यात विरळ करता येतो. याचा अर्थ पंजाबच्या सबंध गव्हावर संशय घ्यावा असा नव्हे. तसे केल्यास एका लहान पट्ट्याचे दुखणे लाखो शेतकऱ्यांच्या माथी मारले जाईल.

दुसरे काम मृदा तपासणीचे. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह यांसारखी सूक्ष्मद्रव्ये असतात. पिकाला लागणारी प्रमुख द्रव्ये तिच्यात आहेत. सेलेनियम पिकाला लागत नाही म्हणून ते तिच्यात नाही, आणि खाणाऱ्याला लागते याचा विचार त्या पत्रिकेत झालेला नाही. फिनलंडने आधी मोजले, मग खत बदलले आणि पुन्हा मोजत राहिला. शेगावमध्ये मोजमाप झाले ते लोकांचे केस हातात आल्यानंतर.